थांब सांगणारा तळहात

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. सकाळचे सव्वासहा.

अप्पा, वेळ आधी लिहिली. पिंगळीच्या स्टेशनावर स्टेशनमास्तरची नोकरी केली, ती सवय हाडात आहे. गाडी येवो, जावो किंवा रुळावर माणूस कापला जावो, आधी वेळ लिहायची. मग बाकीचे.

आज अकरा वाजता मला परभणीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर जबाब द्यायचा आहे. गेल्या गुरुवारी दुपारी तुमच्या दुकानात तुमचा पुतण्या सिद्धू याने तुमच्या डोक्यात लोखंडी सळई घातली, तेव्हा मी समोर होतो. पोलिसांना त्या दिवशी दवाखान्यात चार वाक्ये सांगितली. आज सगळे सांगावे लागेल. त्याआधी तुमच्याशी बोलणे आवश्यक वाटले. चाळीसेक वर्षे आपण बुद्धिबळाच्या पटाच्या दोन बाजूंना बसलो आणि फार थोडे बोललो. आता तुमच्याकडून उत्तर येणार नाही. ते पूर्वीही क्वचितच येत असे.

डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजवा शाबूत आहे.

लोक तुम्हाला शांत, देवमाणूस म्हणू लागले आहेत. तुम्ही शांत नव्हता. तुमच्याइतका हिंस्र खेळाडू मी परभणी, नांदेड, जालना कुठेच पाहिला नाही. मोहरे मांडताना तुमची बोटे हळुवार असत. मारताना मात्र मेलेले प्यादे उडून खिळ्यांच्या डब्यात पडे आणि डाव थांबवून ते शोधावे लागे. समोरच्या राजाभोवतीची तटबंदी फोडण्यासाठी तुम्ही घोडा देत होता, उंट देत होता, वेळप्रसंगी हत्तीसुद्धा. मी प्यादी मोजणारा. एक प्यादे जास्त मिळाले की ते जपत जपत शेवटच्या घरापर्यंत नेणारा. त्यावरून आपले जे भांडण सुरू झाले ते संपलेच नाही.

“मास्तर, तुमी खेळायलात का गोदामातला माल मोजायलात?”

“तुम्ही तो फेकता आहात.”

“फेकल्याबिगर दार फुटतंय का?”

“आणि नाही फुटले तर?”

“तर आपलं डोस्कं फुटंल. पण गंमत तर यील.”

हे वाक्य तुम्ही हसत म्हटले होते. आज ते आठवले आणि लेखणी काही वेळ खाली ठेवावी लागली.

परभणीच्या त्या स्पर्धेबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. शाळेचे सभागृह, बाकांवर मांडलेले पट, खिडकीत भाकरीचे डबे. तुमच्या समोरच्या माणसाने हत्तीला हात लावला, चूक लक्षात येताच सोडला आणि लावलाच नाही म्हणाला. हात लागला की तेच मोहरे खेळायचे, हा नियम तुम्हाला धर्माच्या जागी होता. तुम्ही त्याचे मनगट धरले आणि बाकाच्या कडेवर दाबले. तो ओरडला. तुम्ही दाबतच राहिलात. मी माझा डाव सोडून आलो तेव्हा त्याची बोटे निळी पडली होती.

“सोडा, अप्पा.”

“कबूल कर म्हणा त्याला.”

“सोडा आधी.”

“कबूल कर म्हणा!”

पंचांनी आणि मी मिळून तुमची पकड सोडवली. तुम्हाला स्पर्धेतून काढले, मीही उठलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही दाराशी उभे होता. पिंगळी जवळ आली तेव्हा म्हणालात, “मास्तर, तुमी आला नसता तर मोडला असता मी त्याचा हात. राग न्हवता आला. मज्जा वाटायलती मला.”

मी तुमच्या शेजारी येऊन दाराचा दांडा धरला.

“पुन्हा हात लावणार न्हाई कुणाला. जे काय मारायचं ते पटावर मारायचं. एका डावात न्हाई मेलं तर दुसरा मांडायचा.”

हे तुम्ही पाळले. बाजारात कुणी गचांडी धरली तरी पाळले. माझ्या माहितीत शपथेवाचून इतकी कडक शपथ कुणी पाळलेली नाही. मी साक्षीदार होतो, म्हणून मला रोज त्याचा पुरावा द्यावा लागे: माझा राजा रोज तुमच्या हातून मरत होता.

तुमची ती तळहाताची खूणही त्यानंतरचीच. चाल ठरवताना कुणी बोलले की तुमच्या कपाळाची शीर उभी राहायची. गोष्ट मारामारीपर्यंत जाऊ नये म्हणून तुम्ही मान वर करणेच बंद केले. कुणी आले की डावा तळहात त्याच्या दिशेने वर व्हायचा. थांब. चाल संपली, घड्याळ दाबले की मगच मान वळायची आणि मग गिऱ्हाइकाला पत्रा, खिळे, तार काय हवे ते मिळायचे. तुमच्या पत्नी अक्का चहा घेऊन आल्या तरी तोच तळहात. दाराशी आलेल्या जंगम स्वामींनाही तोच. ते बिचारे सिमेंटच्या गोणीवर टेकायचे. गावात लहान पोरे एकमेकांना सांगत, “अप्पाचा हात वर हाय, बस खाली.” मला ते उद्धट वाटे. एकदा तसे बोललो. तुम्ही मला तळहात दाखवलात.

आपण हौशी खेळाडू. मानांकन नाही, गुरू नाही. रविवारी पहाटेच्या गाडीने जायचे, वेण्या घातलेल्या शाळकरी मुलीकडून हरायचे, तिच्या बापाला नमस्कार करून परत यायचे. लोकांना हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. हरलेल्या डावाने पोटात काय होते ते त्यांना ठाऊक नाही. हरल्यावर मला माणसे नकोशी होत. जिंकल्यावर समोरच्याचा उतरलेला चेहरा पाहून जो आनंद होई तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. तुमच्यापुढे तो लपवावा लागत नव्हता. मित्र हा शब्द आपण एकमेकांसाठी वापरला नाही. दुसरा कोणता लागू पडतो ते मला माहीत नाही.

माझी पत्नी गेली तेव्हा तेरा दिवस लोक माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. चौदाव्या दिवशी तुम्ही पट घेऊन आलात. एक शब्द सांत्वनाचा नाही. मांडलात आणि पहिल्याच डावात माझी राजाची बाजू उघडी पाडलीत. दुसऱ्यात वजीर कोंडलात. दिवसभर मला चिरडत राहिलात. एकदाही हात आखडला नाहीत. घरातल्या साऱ्यांनी मला आजारी ठरवले होते, तुम्ही मला प्रतिस्पर्धी ठरवलेत. त्या दुपारी मी मागून घेऊन जेवलो. आभार मानायचे राहिले.

आता गुरुवार.

चाल तुमची होती. तुमचे बोट घोड्यावर टेकले होते. सिद्धू रस्त्यावरूनच ओरडत आला. रस्ता रुंद झाल्यापासून दुकानाच्या जागेवर त्याचा डोळा होता. जागा वडिलोपार्जित आहे, मोकळी करून द्या म्हणत होता. तुम्ही त्याला दिवाळी होऊ दे, पेरणी होऊ दे, असे बरेच दिवस थांबवले होते.

“काका, बाहेर या. आज फैसला करू.”

तुमची मान खाली. तुमची पाळी असली की मी तुमच्याकडे पाहतो, पटाकडे नाही. म्हणून माझी मान वर होती. त्याने दाराजवळच्या ढिगातून सळई उपसली, ती मी पाहिली. मी म्हणालो, “अप्पा.” तुमचा डावा तळहात वर झाला. त्याला आणि मला, दोघांनाही. उजव्या हाताने तुम्ही घोडा उचलला, ठेवला, घड्याळ दाबले. मग मान वळवलीत.

“अजून थांब?” तो म्हणाला. “अजून थांबच?”

पहिला घाव कानाच्या वर बसला. तो आवाज मी लिहिणार नाही.

तुम्ही पडला नाहीत. उभे राहिलात. मान, सदरा, पट, सगळे लाल झाले होते. तुमच्या उजव्या हाताला विकायच्या पहारी उभ्या होत्या. तुमचा हात पहारीवर गेला. बोटे मिटली. मग उघडली. हात लावलेली वस्तू तुम्ही आयुष्यात त्या एका वेळी न उचलता सोडलीत. तो दुसऱ्यांदा सळई उगारत होता आणि तुम्ही मोकळ्या हाताने उभे होता. मी मध्ये हात घातला, तो मोडला. पुढचा घाव तुमच्या डोक्याच्या मध्यावर बसला. मी एका हाताने सिद्धूचे केस धरून त्याचे तोंड गल्ल्याच्या कडेवर आपटले. पुन्हा आपटले. गिऱ्हाइकांनी मला ओढले नसते तर थांबलो असतो असे वाटत नाही. मज्जा वाटली, अप्पा. तुम्ही रेल्वेत जे म्हणाला होता त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

दवाखान्यातून तुमचा देह दुसऱ्या दिवशी मिळाला. कवटीवर टाके होते. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यायची, पण अंग ताठलेले. चौघांनी गुडघ्यांवर जोर लावला. सांध्यांचा आवाज झाला, तेव्हा अक्का आत निघून गेल्या. शेवटी बसलात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले, भस्म लावले. जंगम स्वामींचा आवाज मंत्रात अडकत होता. वरून माती पडू लागली तेव्हा माझ्या मनात शोक नव्हता, संताप होता. चाल पूर्ण करायची काय गरज होती? कुठली मोठी स्पर्धा होती? कोणता पंच बघत होता? घोडा हवेत धरून मान वळवली असती तरी डोके वाचले असते. तो घोडा ठेवलात ते घरही काही फार चांगले नव्हते.

काल संध्याकाळी तुमचे थोरले बंधू नागनाथराव आले. सिद्धू त्यांचा मुलगा. चार दिवसांत माणूस निम्मा झाला आहे. खुर्ची दिली, पण ते ओसरीच्या पायरीवरच बसले.

“मास्तर, खोटं बोला म्हणत न्हाई.”

“मग?”

“धाकट्यानं हात वर केला का न्हाई? आधी?”

“केला.”

“पहारीला हात घातला का न्हाई?”

“घातला.”

“तेवढंच सांगा. वकील म्हणतोय, तेवढं लय झालं. पोरगं घाबरलं म्हून मारलं, असं हुतंय मग.”

“हात कशासाठी वर केला ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही त्या गोणीवर बसलेला आहात.”

त्यांनी पायरीवरची माती तळव्याने पुसली. मग म्हणाले, “बसलोय. लय येळा बसलोय. पर न्यायाधीश बाई बसलेल्या न्हाईत ना, मास्तर.” आणि रडू लागले. “एक तर गेला. दुसऱ्याला बी न्यायचं का? त्याच्या तोंडातले दात पाडले तुमी, त्याचं मी नाव तरी काढलं का?”

मी पाणी दिले. ते प्यायले नाहीत. त्या बापाचा मला राग आला नाही. मुलाचा येतो. अजून वाटते की तो माझ्या हाती लागावा. आणि ज्याचा जीव घ्यावासा वाटतो त्याच्याविरुद्ध शपथेवर बोलायचे आहे, हीच अडचण आहे. त्यांना तळहाताचा अर्थ गाळून हवा आहे. मला पहार गाळावीशी वाटते. पहार सांगितली नाही तर तुम्ही स्वच्छ राहता आणि तो पुरता बुडतो. ती मी आणि सिद्धूनेच जवळून पाहिली. बाकीचे रस्त्यावर होते.

रविवारी अक्कांना भेटलो तेव्हा विचारले, काय करू. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मला ह्याच घरात ऱ्हायचंय, मास्तर, ह्याच मान्सांत. मला बरं वाटंल असं काय बी सांगू नका. झालं तसं सांगा.”

नऊच्या एसटीने निघतो. पुढचे आल्यावर.

संध्याकाळचे साडेसहा.

न्यायदंडाधिकारी बाई तुमच्या भाचीच्या वयाच्या असतील. पोलिसांना बाहेर पाठवले. कुणाचा दबाव आहे का, विचारले. “विनंती आहे, दबाव नाही,” असे सांगितले. टंकलेखक तेवढा खोलीत होता.

मी क्रमाने सांगितले. तळहातापाशी त्यांनी मला अडवले.

“म्हणजे मयताने आरोपीच्या दिशेने आधी हात वर केला?”

“हो.”

“मग तो हात मारण्यासाठी नव्हता असं तुम्ही कशावरून म्हणता? तुम्हाला कसं समजलं की त्यांच्या मनात—”

मी मान खाली घातली आणि उजवा तळहात त्यांच्यासमोर वर केला.

त्या थांबल्या. वाक्य अर्धे राहिले. टंकलेखकाची बोटेही थांबली. न्यायाधीशाला असे थांबवणे गैर आहे, हे मला कळत होते. तरी टेबलावरचा पेला मी प्लास्टरबाहेरच्या डाव्या बोटांनी सावकाश एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवला आणि मगच मान वर केली.

“हा तो हात,” मी म्हणालो. “क्षमा असावी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग टंकलेखकाला म्हणाल्या, “साक्षीदाराने हाताची खूण करून दाखवली, असं घ्या. तळवा समोर, बोटं वर, हात स्थिर.” तिन्ही गोष्टी बरोबर होत्या.

पहारीचे त्यांनी विचारले नव्हते. “आणखी काही?” एवढेच म्हणाल्या. नाही म्हणून उठता आले असते. खुर्चीच्या हाताला धरून मी अर्धा उठलोही होतो.

पुन्हा बसलो आणि सांगितले. पहिल्या घावानंतर मयताचा हात पहारीवर गेला. बोटे मिटली. मग त्याने ती सोडली आणि मोकळ्या हाताने उभा राहिला. मीही आरोपीचे तोंड आपटले, तेही सांगितले.

“हे तुम्ही आपण होऊन सांगताय. आरोपीच्या वकिलाला हे उपयोगी पडेल.”

“पडेल.”

“तरी घ्यायचं?”

“घ्या. हात लावला तेही आणि सोडला तेही. एक घेतले तर दुसरे घ्यावे लागेल.”

वाचून दाखवले. सही केली.

अप्पा, पहार का सोडलीत, ते मला समजले आहे. वयाच्या सत्तरीत, डोके फुटलेले असताना, ज्याला अंगाखांद्यावर खेळवले तो समोर असताना, तुम्ही रेल्वेच्या दारातला तो शब्द पाळलात. मला तो पाळता आला नाही. याबाबतीत तुम्ही माझ्याहून मोठे खेळाडू होता आणि हे कबूल करायला मला कष्ट पडत नाहीत. मोहरे फेकण्यावरचे भांडण मात्र मिटलेले नाही. तुम्ही शेवटी स्वतःलाच फेकलेत. त्याने कोणते दार फुटले ते मला दिसत नाही. अक्का त्या घरात एकट्या आहेत, बंधूंची मान वर होत नाही, पोरगा तुरुंगात आहे आणि समोर बसायला मला कुणी नाही. घोडा ठेवण्यापूर्वी मान वळवायला हवी होती. त्याबद्दल मी तुम्हाला क्षमा करणार नाही.

न्यायालयाच्या फाटकाशी नागनाथराव लिंबाखाली उभे होते. माझ्याकडे पाहिले नाही. सिद्धूचा धाकटा भाऊ मोटारसायकल आडवी लावून बसला होता.

“झालं का सांगून, मास्तर?”

“झाले.”

“समदं?”

“समदे.”

त्याने किक मारली. गाडी माझ्या पायाला घासत नेली आणि वळून म्हणाला, “जपून ऱ्हावा. एकटेच असता.”

“तूही जपून चालव,” मी म्हणालो.

येताना सुताराकडून सागाची जाड पट्टी आणि दोन लोखंडी आकडे घेतले. दाराला आतून अडसर नव्हता. एका हाताने स्क्रू फिरत नाहीत, म्हणून आकडे गुडघ्याने चौकटीला दाबून धरले आणि लांब खिळे मारले. एक वाकडा गेला. उपटून पुन्हा मारला. उजेड असेपर्यंत काम झाले. पट्टी आकड्यांत घातली, दार आतून ओढून पाहिले. हलत नाही.